मूर्तीच्या बुडाखालचा पासवर्ड

पेणच्या एका गणपती कारखान्यात मी सर्व्हर बसवला, तेव्हा मोठ्या थाटात भाषण ठोकलं होतं. पासवर्ड लांबलचक ठेवा, कुठे लिहू नका, मलासुद्धा सांगू नका. बाहेरून आत शिरायची परवानगी मी एकाच जागेला दिली: मालकांच्या बहिणीच्या रोह्यातल्या दुकानाला, तीही ऑर्डरींची यादी वाचण्यापुरती. मालकांनी मान डोलावली. त्या मानेवर मी विश्वास ठेवला, हा माझा गाढवपणा.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी दुकानाचं इंटरनेट गेलं आणि परत आलं ते नवा आयपी पत्ता घेऊन. परवानगी जुन्या पत्त्याला होती, त्यामुळे सर्व्हरने ओळखच दाखवली नाही. प्रत्येक मूर्तीच्या बुडाखाली पेन्सिलीने नुसता नंबर असतो. कुठला नंबर कोणाचा, ते यादीत. दुकानात लोक पाट घेऊन खोळंबलेले, आणि बहिणीचं दुकान चालवायचं पहिलंच वर्ष. फोनवर तिचा आवाज रडवेला झाला होता.

मी शेजारच्या गडब गावाहून स्कूटर दामटत पेणला पोचलो. परवानगीत नवा पत्ता घालायचा, दोन मिनिटांचं काम. पासवर्ड विचारला. मालक सर्व्हरच्या टेबलाशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

"हितं एक मूर्ती व्हती. तिच्या बुडाखाली लिवलेला."

"बुडाखाली?"

"मग? आमी समदं तिथंच लिवतो."

ती मूर्ती आठवड्यापूर्वीच टेम्पोतून रोह्याला गेली होती. मी कपाळ बडवलं. मालकांनी शांतपणे बहिणीला फोन लावला. "गो, नंबराखाली लांबडं कायतरी लिवलंय, अशी मूर्ती शोध."

तिने पाटवाल्यांनाच कामाला जुंपलं. दोघांनी मूर्ती उचलायची, तिसऱ्याने खाली वाकून वाचायचं. तासाभराने सापडली. मग तिने मलासुद्धा सांगायचा नव्हता तो पासवर्ड भर दुकानात, एकेक अक्षर सुटं करून वाचला, आणि मागून चार जण तिच्या चुका दुरुस्त करत होते.

यादी उघडली. रोह्यात पहिली मूर्ती पाटावर चढली, तसा बहिणीचा आवाज ताळ्यावर आला.

मी म्हटलं, "शेठ, आता बदला हा. अख्ख्या रोह्याला पाठ झाला."

"कशाला? दीड दिवसाचा गणपती हाय तो. पासवर्ड जाईल पाण्यात."

नवा पासवर्ड तिथल्या तिथे घालायला लावला, आणि निघताना त्यांच्या कानावरची पेन्सिल खिशात घालून आलो.