डोमाजीकाकांचे बारा गंज

डोमाजीकाका कुठल्याही गावात उतरले की चहाच्या आधी विचारायचे, "इहीर कुठी हाय?" मग विहिरीपासून पावलं मोजत निघायचे आणि पुरेसं लांब गेल्यावर खुंटी ठोकायचे. संडास तिथे.

देवळीत त्यांचं लग्नाचं सामान भाड्याने देण्याचं दुकान होतं. मंडप, लाकडी तख्त, स्वयंपाकाची मोठी पितळी पातेली, म्हणजे गंज. एकोणीसशे सत्तरनंतर त्यांनी यात्रांसाठी फिरते संडासही सुरू केले. खाली चर, वर भोकाच्या फळ्या, भोवती बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा. सामानाच्या याद्या मी ठेवायची.

लहानपणी हैज्याने, म्हणजे कॉलऱ्याने, त्यांची आई आणि दोन भाऊ एका आठवड्यात गेले होते. म्हणून दर उन्हाळ्यात, पूर आलाय असं समजून, ते दुकानातल्या आम्हां चौघांकडून तासाभरात दहा संडास उभे करवून घेत. बाजारातले लोक टोमणे मारत, "काका, आज कोनाचं पोट बिघडलं?"

"हासा लेकहो," काका म्हणत. "तुमच्या वाटचं भेव मी भेऊन राह्यलो."

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास खरंच नदी गावांत शिरली. उंचावरच्या एका शाळेत माणसं दाटीवाटीने येऊन राहिली. प्यायला एकच विहीर. आम्ही तिथे पोचून तासाच्या आत चर खणले, पण एक चुकलं. तालीम व्हायची कोरड्या मुरमावर. इथे पावसाने फुगलेली काळी माती. चर भरून वाहू लागले, उताराने विहिरीकडे. दुपारी एका म्हातारीला जुलाब सुरू झाले.

काकांचा चेहरा पांढरा पडला होता. "सुमन, दुकानातून तख्त आन. अन् बारा गंज."

"गंज? काका, मंग आपलं सामान लग्नाले कोनी नेईन का?"

"नाई नेनार. मले ठाऊक हाय. जा."

तख्त विटांवर चढवून भोकं पाडली, खाली गंज ठेवले. भरले की चुना टाकून बैलगाडीने दूर टेकडीवरच्या खड्ड्यात. विहिरीत ब्लीचिंग पावडर. आजाऱ्यांची यादी माझ्याकडे. काका दर दोन तासांनी येत, "किती?" विचारत आणि उत्तर येईपर्यंत डोळे मिटून उभे राहत. तीन. सात. सातच. चौथ्या दिवशी दोन. कोणी दगावलं नाही.

पुढच्या लग्नसराईत दुकानाची पायरी कोणी चढलं नाही. काकांनी नवे गंज आणले, तरी नाही. दोन वर्षांनी दुकान मोडलं.

त्यानंतर त्या म्हातारीच्या नातीच्या लग्नाला आम्ही गेलो. भांडी वर्ध्याहून आणलेली. म्हातारी पंगतीत काकांपाशी येऊन पदर चाळवत म्हणाली, "डोमाजी, तुयंच सामान आनलं असतं रे, पन लोकं..."

"बराबर केलं मावशी," काका म्हणाले. "मीबी नसतो जेवलो त्यातलं."

आणि बुंदी पुन्हा वाढायला सांगितली.