रिलीव्हर आला नाही

माझ्या बाबांना मी आठ दिवस मरू दिलं नाही.

आज वर्ष झालं, म्हणून सांगून टाकते. मराठी माझं रायपूरवालं आहे, समजून घ्या.

बाबा सतरा वर्षं फौजेत होते. नायक म्हणून रिटायर झाले आणि रायपूरजवळच्या उरला इंडस्ट्रियल एरियातल्या एका रोलिंग मिलच्या गेटवर सिक्युरिटी गार्ड म्हणून लागले.

गेटचा एकच रूल. दुसरा गार्ड, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय हलायचं नाही.

जाणारा म्हणणार, "चार्ज लो."
येणारा म्हणणार, "चार्ज लिया."
तेव्हाच सुट्टी.

पण रिलीव्हर टाइमवर यायचाच नाही. सुपरवायझर फोनवर सांगायचा, "भैया, रस्ते में है." आणि बाबा उभे. कधी कधी सोळा तास.

माझ्या दहावीच्या रिझल्टचा पेढा त्यांनी गेटवरच खाल्ला. नागपूरला आजी वारली, त्या दिवशीही रिलीव्हर आला नाही. बाबांची ट्रेन निघून गेली.

मी जाम चिडले होते. "सोडून आले असते तर काय झालं असतं?"

"अन् गेट?"

एवढंच म्हणाले.

मग लंग्ज गेले. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. हॉलमध्ये पलंग, बाजूला ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी. नळी जेमतेम बाथरूमपर्यंत पुरायची. आयुष्यभर दुसऱ्याचं गेट सांभाळलेला माणूस स्वतःच्या गेटपर्यंत जाऊ शकत नव्हता.

शेवटी शेवटी त्यांना वाटायचं, आपण मिलवरच आहोत. भिंतीला पाठ लावून ताठ बसायचे.

"रिलीव्हर आला काय?"

आणि मी ओव्हरस्मार्ट. "येऊन राहिला, बाबा. रस्त्यात आहे."

मला वाटलं, मी होप देतेय. नेटवर वाचलं होतं, पेशंटला पॉझिटिव्ह ठेवा.

दिवसातून वीसदा विचारायचे. वीसदा मी तेच. मान कलली की दचकून पुन्हा सरळ व्हायचे.

"झोपा न बाबा थोडं."
"ड्यूटीवर झोपत नसते, पोट्टी."

आठव्या दिवशी दुपारी आई वरण घोटता घोटता थांबली.

"काहून अडकवून राहिली त्यायले? घे न चार्ज."

"आई, मी चार्ज घेतला तर बाबा जातील."

"मले मालूम नाही काय? पाह्य तरी त्यायच्याकडे."

मी पाहिलं. पाय सुजलेले. डोळे लाल. आणि नजर दाराकडे.

सुपरवायझरचं खोटं मी त्यांच्याच घरात बोलत होते.

खुंटीवरची त्यांची टोपी घातली. पलंगासमोर उभी राहिले.

"आ गया, नायक साहब."

"इतना लेट?"

"सायकल पंक्चर हो गई थी."

"रोज पंक्चर होती है तेरी!"

आई हसली. पदर तोंडावर धरून.

"भनपुरीवाला ट्रक अंदर है. पर्ची देखके छोड़ना."
"हव भैया."
"छोटा गेट?"
"लगा दिया."

मग त्यांनी उशीखालून शिट्टी काढली आणि माझ्यासमोर धरली.

"चार्ज लो."

मी शिट्टी घेतली आणि आईकडे पाहिलं.

"चार्ज लो!" आता चिडून.

"...चार्ज लिया."

बाबा आडवे झाले. आठ दिवसांत पहिल्यांदा. आईनं पायांवर चादर टाकेपर्यंत घोरायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. झोपेतच.

ते आठ दिवस मला परत करता येत नाहीत. शिट्टी माझ्या उशाशी असते. गेट वाजलं की सगळ्यात आधी मीच उठते. आई म्हणते, कुठं फिरून ये चार दिवस. पाय निघत नाही.

पण बाबा, ट्रकची पर्ची पाहिली. छोटं गेट लावलं.

इकडे सब ठीक.

तुम्ही मागे वळून पाहू नका. घरी जा.