चार पॅनल, काकांच्या पत्र्याअलीकडे

मी कुठलीही वस्तू ब्लाऊजमध्ये मोजते. फ्रिज म्हणजे इतके ब्लाऊज, मुलीची कॉलेजची फी म्हणजे इतके. डिलाईल रोडच्या चाळीत वरच्या मजल्यावर तीस वर्षं शिवण केली, मला दुसरं माप येतच नाही. आमच्या पत्र्यावर सोलरचे पॅनल बसले, दाराआड कपाटाएवढी बॅटरी उभी राहिली, तेव्हा मुलगी आल्यागेल्याला किंमत सांगायला लागली. मी म्हटलं, "गप गो. माझी मान मोडून शिवलेली बॅटरी आहे ती." कर्ज नाही, कुणापुढे हात पसरला नाही. आहे मला गर्व, असू दे.

पॅनल सहा बसणार होते, बसले चार. कारण शेजारचे काका. मिलमध्ये जॉबर होते, माझे सासरे त्यांच्याच हाताखाली. मिल कधीची बंद पडली, पण काकांचा आवाज गिरणीच्या खात्यातलाच राहिला. चाळीच्या बैठकीत उभे राहून म्हणाले, "माझ्या डोक्यावरच्या पत्र्याला एक भोक पाडून दाखवा. गळायला लागलं तर कोण निस्तरणार, ही?" ही म्हणजे मी! लग्न होऊन आल्यापासून मला सूनबाई म्हणणारा माणूस. माझंही डोकं फिरलं. त्यांच्या भिंतीच्या रेषेवर पॅनल थांबवले आणि बोलणं टाकलं.

आता माझा स्वतःचा मूर्खपणा सांगते. आमच्याकडे पहाटे तासभर पाणी यायचं. पिंप भरायचं, झाकायचं, आणि भरल्या पिंपाला उगाच कुणी हात लावला की त्याची खैर नाही. मी बॅटरीलाही तोच नियम लावला. बसवणारा सांगून गेला होता, "ताई, भरल्यावर वरचं ऊन फुकट जातं, वापरत चला." मी मान डोलावली आणि तीन महिने तिला नव्वद टक्क्यांच्या खाली येऊ दिलं नाही. पॅनलची वीज असताना इस्त्री बाहेरच्या लाईटवर! मुलगी म्हणायची, "आई, तिला हळदीकुंकू लाव आता."

गणपती आठ दिवसांवर आले होते. लेझीम पथकाचे चाळीस ब्लाऊज शिवायचे होते. सकाळी दहाला रस्ता खोदणाऱ्यांनी केबल तोडली. शिरा पडो त्यांच्यावर! लाईट संध्याकाळशिवाय येत नाही असं कळलं. मी मनात म्हटलं, बघा, भरून ठेवली ते बरं झालं की नाही? पहिल्यांदाच इस्त्री आणि शिवणाची मोटर दोन्ही बॅटरीवर लावली.

तेवढ्यात दारात काकी. काकांची छाती कापसाच्या धुळीनं कधीच गेलेली, ह्या पावसाळ्यापासून तर दिवसभर ऑक्सिजनचं मशीन लागतं. अडीअडचणीचा छोटा सिलिंडर तासभर पुरणारा. मुलगा दुसरा शोधायला गेला होता, मिळत नव्हता.

"ह्यांका दम लागलो हा गो. ते काय तुका सांगूक देवचे नाय. मी न सांगता इलंय."

खोटं कशाला बोलू, पहिला विचार ब्लाऊजांचा आला. दुसरा त्या 'ही'चा. मग काकींचे हात दिसले, पदराला नुसते पीळ घालत होते. मी मोटरची पिन खेचली आणि गॅलरीतून वायर त्यांच्या खोलीत नेली. काकांनी मला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मशीन घुरघुरायला लागलं तशी मी बाहेर पडले.

आभाळ दाटलेलं, पॅनल जेमतेम चालत होते. दुपारी आकडा साठवर आला. मी इस्त्री काढली, फ्रिज काढला, पंखा बंद केला. मग सासूबाईंचं पायाचं मशीन पलंगाखालून ओढलं, पट्टा चढवला आणि बसले. गुडघे बोंबलत होते. शेजारच्या दोघी न बोलावता हुक लावायला आल्या. टाका घालायचा, आकडा बघायचा, भिंतीपलीकडची घुरघुर ऐकायची. चाळीस. तीस. चारला काकांचा मुलगा रिकाम्या हातानं परत आला आणि गॅलरीत मटकन बसला. वीसवर आल्यावरही मी पाय थांबवले नाहीत. थांबले असते तर रडले असते.

साडेसहाला लाईट आली. बॅटरीत चौदा उरले होते. एरवी पिंपाचा तळ दिसला की माझा जीव वरखाली होतो. त्या दिवशी मी त्या चौदाकडे बघत बसले आणि ऊर भरून आला. तीन महिने नुसती भरून ठेवली होती, कामाला ती त्या दिवशी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी पैशांचं पाकीट घेऊन आल्या. मी भडकलेच. "काकी, ते आत न्या, नाहीतर आपलं भांडण होईल!" त्या गेल्या. मग भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, एका एका शब्दाला दम घेत.

"सूनबाई, कालच्या दिवसाचे किती ब्लाऊज झाले?"

सगळ्या चाळीला माझं माप ठाऊक. तोंड उघडलं, पण आकडाच येईना. डोळ्यांतून पाणी मात्र आलं.

"दोन पॅनल राहिलेत ना तुझे," ते म्हणाले. "माझा पत्रा रिकामाच आहे."

"भोकं पाडावी लागतील, काका."

"पाड."