बेलीफकाका आणि दार नसलेली कंपनी

लिहायला बसलो आहे, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात अर्जावर सही करण्यापलीकडे कोणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात आलेला मीच पहिला. कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे आणि वाक्य कुठे थांबवावं हे अजून नीट कळत नाही. बेलीफकाकांवर लिहिण्याचा हक्क त्यांच्या बरोबरीच्या माणसांचा. पण शेवटच्या तीन वर्षांत त्यांना आलेली सगळी इंग्रजी पत्रं मीच वाचून दाखवली, तेवढ्या आधारावर हे धाडस करतो.

रत्नागिरीत त्यांच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. पहिल्याच दिवशी पाहिलं, जेवण झालं तरी त्यांच्या ताटात घासभर भात शिल्लक.

"कावळ्याला?" मी विचारलं.

"दाराला," ते म्हणाले.

तीस वर्षं त्यांनी कोर्टाची समन्सं बजावली होती. माणसानं कागद घ्यायला नकार दिला की दोन पंच बोलवायचे आणि कागद दारावर डकवायचा. डोंगरातल्या वाडीत खळ कुठून आणणार? डब्यातला भात चुरडायचा. निवृत्तीनंतरही बोटं त्या शेवटच्या घासाशी थांबायची. काकू वैतागायच्या, "आता कोणाचं दार राह्यलंय? गिळा मुकाट्यानं!"

कागद न बजावता परत आणणं त्यांना कमीपणाचं वाटे. हातखंब्याचा एक टायरवाला चार महिने त्यांना चुकवत होता. काका दिसले की मागून पसार. शेवटी काकांनी हेल्मेट घातलं, आपल्याच स्कूटरची हवा सोडली आणि ती ढकलत त्याच्या दुकानात नेली. तो चाकाशी वाकला तेव्हा त्याच्या हातात कागद. "हवा भरलीन, चहा पाजलान, मग सही केलीन," काका सांगायचे. "माणूस वाईट नव्हता. दार नाय असं घर नसतं, वकील. शोधायला पाय हवेत." मला ते पहिल्या वर्षापासून वकीलच म्हणत. मला लाज वाटे.

त्यांचा एकुलता मुलगा सुहास जहाजावर नोकरीला होता. तीन वर्षांपूर्वी, भर समुद्रात, तो जहाजावरून पडला. हाती काही लागलं नाही. जहाजाच्या मालकांनी कळवलं की त्यानं स्वतः उडी मारली. पण दोनच दिवस आधी तो फोनवर म्हणाला होता, "बाबा, इथला कठडा गंजून सुटलाय. फोटो काढून ऑफिसला मेल केलाय." मालक म्हणाले, असा मेल आम्हाला आलेला नाही. सुहासचा फोन त्याच्याबरोबरच गेला. पासवर्ड घरात कोणालाच माहीत नव्हता.

वाडीतली माणसं हळहळून बोलायची, पण बोलायची तेच: "चांगला पोरगा, जीव दिलान." काकूंनी हळदीकुंकवाला जाणं सोडलं. त्यांना भरपाई नको होती. तो आपणहून गेला नाही, एवढंच कोणीतरी कागदावर म्हणायला हवं होतं.

काकांनी मालकांवर दावा लावला, आणि सुहासचं मेलचं खातं ज्या कंपनीकडे होतं, तिला कोर्टानं त्याचे मेल हजर करण्याचा हुकूम दिला. हुकूम हातोहात नेऊन देण्याची परवानगी काकांनी मागून घेतली. आम्ही दोघं मुंबईला गेलो. काचेची इमारत. चौदाव्या मजल्यावर एक मोठा हॉल, त्यात दहा कंपन्यांची टेबलं आणि सगळ्यांना मिळून एकच दार. काका त्या दाराकडे बघत राहिले. "यातलं त्यांचं कुठलं रे?" त्यांनी विचारलं. मी टेबलांवरच्या पाट्या वाचू लागलो.

मग कंपनीची एक तरुण वकील बाई आली. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं, कागद घेतल्याची पोचही दिली.

"पण काका, मेल इथे नसतात," ती म्हणाली. "इथे आम्ही फक्त जाहिराती विकतो. मेल अमेरिकेत आहेत. खातेदाराच्या संमतीशिवाय मजकूर द्यायला तिकडचा कायदा मनाई करतो. दुसऱ्या देशाच्या कोर्टानं मागितला तरी."

"खातेदार समुद्रात हाय."

"मग वारसाची संमती लागेल. पण वारस कोण, ते तिकडच्या कोर्टानं ठरवायला हवं."

काकांनी पिशवीतून इथल्या कोर्टाचा वारसदाखला काढला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, नीट वाचला आणि परत दिला. "हा तिकडे चालत नाही."

"म्हणजे मी माझ्या पोराचा बाप, हे अमेरिकेचा जज्ज सांगणार?"

तिनं कोर्टाचा हुकूम पुन्हा पुढे ओढला. "आम्ही दिलं तर तिकडचा कायदा मोडतो. नाही दिलं तर इथल्या कोर्टाचा अवमान. आमचीही अडचण समजून घ्या."

"समजली, बाय. तुमचा एक पाय इकडच्या होडीत, एक तिकडच्या. पण बुडालाय तो माझा."

त्यानंतर सुरू झाली विनंतीपत्रं. आपल्या कोर्टानं तिकडच्या कोर्टाला लिहायचं, तेही मुंबई-दिल्ली करत. एकदा ते परत आलं, कारण काकांच्या मराठी जबानीचं भाषांतर जोडलं नव्हतं. पुढच्या वेळी भाषांतर होतं, पण भाषांतरकाराची शपथ नव्हती. प्रत्येक फेरीला सातआठ महिने. मी पुस्तकं उघडून बसायचो. इथला हुकूम बरोबर होता. तिकडचा कायदाही बरोबर होता. माणसांची खाजगी पत्रं सरकारांपासून जपायला केलेला. तो आता एका मुलाची पत्रं त्याच्या आईपासून जपत होता. राग कोणावर काढायचा हेच कळेना. परीक्षेत या विषयावर प्रश्न आला, मला चांगले गुण मिळाले, आणि ते काकांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.

काका मात्र दर सोमवारी इस्त्रीचा सदरा घालून कोर्टात जात. क्लार्क चिडवायचा, "काय काका, अमेरिका काय म्हणते?" काका म्हणायचे, "घरात हाय, पण ओ देत नाय."

गेल्या चैत्रात एका दुपारी ते खुर्चीतच गेले.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. मजकूर देता येत नाही. मात्र कोणाकडून, कोणाला आणि कधी, एवढी यादी द्यायला तिकडचा कायदा आडवा येत नाही. आठ पानं. जहाजाच्या ऑफिसला गेलेला मेल त्यात होता. आमचे वकील म्हणाले, "गेला हे दिसतं, आत काय होतं ते नाही. ते म्हणतील रजेचा अर्ज असेल." मी पानं घेऊन घरी आलो आणि काकूंना एकेक ओळ वाचून दाखवली. शेवटची ओळ तो गेला त्याच दिवसाची होती. रेल्वेच्या तिकिटांच्या साइटकडून आलेला मेल, आपल्याकडचे सकाळचे आठ वाजून तीन मिनिटं.

"तारीख वाच परत," काकू म्हणाल्या. मी वाचली.

त्या बोटांवर काहीतरी मोजत राहिल्या. मग उठून उभ्या राहिल्या. "गणपतीला घरी यायची तिकिटं त्या दिवशी आठला सुटली होती. माझा भाऊ मुंबईत मोबाइल धरून बसला होता, पाच मिनिटांत सगळी संपली, त्याला एक मिळालं नाय." त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि त्या ओळीवर अंगठा ठेवला.

"सुहासला मिळालं होतं."