परवानगी कोणाची?

"शर्ट काढ आणि टेबलावर आडवा हो," मॅडम म्हणाल्या. माझ्या हातात अजून फरशी पुसायचा मॉप होता. समोर पांढऱ्या कोटातली पंधरा-सोळा पोरंपोरी. उद्याचे डॉक्टर.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. शारजातल्या एका मेडिकल कॉलेजात मी सफाई कामगार होतो, राहायला दुबईतल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पात. मॅडम पुण्याच्या. या मुलांना इंग्रजी शिकवायच्या आणि त्या इंग्रजीतूनच पेशंटशी कसं वागायचं तेही. पहिल्या दिवशी त्यांचं मराठी ऐकून मी हरखलो होतो. त्यांनी गाव विचारलं, मग आडनाव. आडनाव सांगितलं आणि 'अहो'चं 'अरे' झालं. तेव्हापासून दर आठवड्याला खोटा पेशंट मीच. ऑफिसातल्या क्लार्कला कधी कोणी आडवं केलं नाही.

त्या दिवशीचा धडा होता, हात लावण्याआधी पेशंटची परवानगी घ्या. फळ्यावर मोठ्या अक्षरात वाक्य लिहिलेलं. मला ते वाचता येत होतं. बारावी सायन्स झालोय मी. कोणी विचारलंच नव्हतं.

एकेक जण पुढे यायचा. "मे आय एक्झामिन यू?" नजर मात्र मॅडमकडे. मॅडम म्हणायच्या, "येस." की लगेच थंडगार बोटं माझ्या पोटावर. कोणी दाबतंय, कोणी ठोकतंय. एकाने माझ्या बरगडीवरचा भाजल्याचा डाग बघितला. दुखतो का, हेही त्याने मॅडमनाच विचारलं. या लोकांना सवय असते, त्या इंग्रजीत म्हणाल्या. वर्ग हसला. मला लाज वाटली. आणि लाज मला का वाटावी, याचा भयंकर संताप आला.

सातव्या नंबरला एक मुलगी पुढे आली. तेच वाक्य म्हणाली.

"नो," मी म्हणालो.

मॅडम माझ्याकडे वाकून मराठीत म्हणाल्या, "अरे, ती तुला नाही विचारत."

मी उठून बसलो. "मग अंग कोणाचं आहे, मॅडम?"

शर्ट घातला. एकेक करून सगळी बटणं लावली, मगच बाहेर पडलो.

दुपारी आमच्या सफाई कंपनीच्या सुपरवायझरने बोलावलं. "कल क्लास में सॉरी बोल, फिर से लेट जा, खलास. नहीं तो व्हिसा कॅन्सल." पासपोर्ट कंपनीकडे होता. घाबरलो, खोटं कशाला बोलू. गावी कुठल्या तोंडाने परत जायचं, हाच विचार डोक्यात घोळत राहिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो. सॉरी म्हणालो नाही, आडवाही झालो नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीत एवढंच म्हणालो, "आस्क मी. नॉट मॅडम."

व्हिसा कॅन्सल झाला नाही. शिक्षा म्हणून कॅम्पातले संडास माझ्या वाट्याला आले. करार संपेपर्यंत धुतले.

आजही एखादा डॉक्टर न विचारता हात पुढे करतो, तेव्हा मी त्याचं मनगट धरतो. आधी विचारायचं. मलाच विचारायचं. आणि मी नाही म्हणालो, तर हात मागे घ्यायचा.