शिंदेकाकांच्या पेशी

"सदाशिव, बघ, बघ!" मॅडम मायक्रोस्कोपवरून बाजूला झाल्या. मी डोळा लावला. अंधारात मोहरी सांडावी तसे हिरवे ठिपके होते. प्लेटवर चिठ्ठी होती: शिंदे, ताण न दिलेल्या.

"काही न करताच गाठी झाल्यात. निरोगी माणसाच्या पेशींत एकही नाही," मॅडम म्हणाल्या. त्या पर्समध्ये फोन शोधायला लागल्या. मी प्लेटवरची चिठ्ठी परत एकदा वाचली.

मी बडोद्यात लॅब अटेंडंट. गाव औशाकडे, शाळा नववीत सुटली. बाटल्या धुणाऱ्या माझ्यासारख्याला चित्रे मॅडमनी पेशी वाढवायला शिकवलं, म्हणून इथे सांगतो ते त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. पेशी म्हणजे एक छोटा कारखाना. उष्णता, विष, कसलाही ताण आला की ती उत्पादन थांबवते, कामाच्या चिठ्ठ्या गोळा करते आणि त्यांच्या गाठी करून ठेवते. या गाठींना स्ट्रेस ग्रॅन्युल म्हणतात. ताण गेला की त्या विरघळतात. मोटर न्यूरॉनच्या आजारात स्नायू हलवणाऱ्या नसा मरत जातात. त्या आजारात या गाठी विरघळत नसाव्यात, अशी तेव्हा नवी शंका होती.

शिंदेकाका प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. मी नवा आलो तेव्हा त्यांनी मला क्वार्टरमध्ये ठेवून घेतलं, काकूंनी वर्षभर जेवू घातलं. मग काकांच्या हातून पाना निसटायला लागला, आणि डॉक्टरांनी हाच आजार सांगितला. मॅडमना मीच त्यांच्याकडे नेलं. तपासणीसाठी काकांनी दंडाची वाटाण्याएवढी कातडी दिली. सही जमेना, तेव्हा अंगठा उठवला.

गाठींचं ऐकून काका जड जिभेने म्हणाले होते, "म्हणजे ब्रेकडाउन झाला की जॉबकार्डं ट्रेत टाकतात, तसंच."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या.

"आमच्याकडे पण मग ती परत वाटायला कोण येत नाही."

काकू हसल्या आणि उठून आत गेल्या.

तसा मायक्रोस्कोप आमच्याकडे नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला, वासण्याकडे एका संस्थेत होता. पेशी तिथे जिवंत न्यायच्या आणि पोचल्या पोचल्या फिक्स करायच्या, म्हणजे रसायन घालून आहेत तशा थांबवायच्या. थर्माकोलच्या डब्यात कोमट पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या आणि त्यांच्यामध्ये काकांच्या आणि निरोगी माणसाच्या प्लेटा. निरोगीला कंट्रोल म्हणतात. दोघांचा प्रवास एकसारखा झाला पाहिजे, हा नियम.

आदल्या खेपेला खड्ड्यात डबा उलटता उलटता राहिला होता. काकांची कातडी परत कुठून आणणार? म्हणून मी त्यांच्या प्लेटा रुमालात गुंडाळून स्कूटरच्या डिकीत ठेवल्या आणि कुलूप लावलं. मोलाची वस्तू आम्ही उघड्यावर ठेवत नाही. कंट्रोल डब्यात, पायाशी. मे महिना. पुलाखाली ट्रक अडकलेला. पोचायला पाऊण तास लागला. डिकी उघडली तर रुमाल इस्त्री केल्यासारखा गरम. मी कोणाला काही बोललो नाही.

आता मॅडम फोनवर बोलत होत्या. "काकू, पक्कं नाही हं, पण काहीतरी दिसतंय. सदाशिव येईल संध्याकाळी."

माझं कंत्राट जूनमध्ये संपणार होतं. त्यांनी फोन ठेवल्यावर मी तोंड उघडलं.

"मॅडम, त्या प्लेटा डिकीत होत्या."

"कुठे?"

"स्कूटरच्या. तापल्या होत्या."

त्यांनी मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. "मूर्खा," म्हणाल्या. मग, "किती वेळ?"

"पाऊण तास."

"वहीत लिही. तुझ्या अक्षरात. आणि काकूंना तूच सांग."

संध्याकाळी काकूंनी शिरा केला होता. काका खुर्चीत उशी लावून बसले होते, दाढी केलेली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. काकू माझ्याकडे न बघता वाट्या भरत राहिल्या. काका काहीतरी बोलले. मला कळलं नाही.

"ते म्हणतायत, मे महिन्यात डिकीत माणूसही शिजेल," काकू म्हणाल्या. "म्हणतायत, पुन्हा करा. बस. खाऊन जा."

मी खाल्लं.

पुढच्या आठवड्यात लॅबमध्ये उरलेल्या काकांच्या पेशी वाढवून आम्ही सगळं पुन्हा केलं, या वेळी दोन्ही प्लेटा एकाच डब्यातून नेल्या. ताण न दिलेल्या पेशींत एकही गाठ नव्हती. ताण दिल्यावर झाल्या, ताण काढल्यावर विरघळल्या, कंट्रोलसारख्याच. काकांचा आजार कुठून आला हे त्यांच्या कातडीने सांगितलं नाही.

काका श्रावणात गेले. मॅडमनी मला काढलं नाही. नवी मुलं लॅबमध्ये आली की मी त्यांना दोन गोष्टी सांगतो. जपायची वस्तू कंट्रोलच्या शेजारी ठेवा, त्याच्याहून जास्त जपू नका. आणि चूक झाली असेल तर कोणी पेशंटच्या घरी फोन लावायच्या आधी बोला.