धम्मरत्नचं दुसरं स्टँड

धम्मरत्न ओव्हाळची शेड आणि माझी शेड यांच्यामध्ये फक्त एक पत्रा आहे. चिखलीच्या त्या गल्लीत मी पावडर कोटिंग करतो, म्हणजे लोखंडावर रंगाची पूड भट्टीत भाजून बसवतो; तो फॅब्रिकेशन करतो. त्याचा ग्राइंडर सुरू झाला की माझ्या टेबलावरचा चहा थरथरतो. त्यामुळं पुढं जे घडलं त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलं, उरलेलं त्यानं सांगितलं.

गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे हे त्याचं रोजचं काम. पण मुळात तो गेटवाला नव्हे. वीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत त्यानं फिक्श्चर बनवली. गाडीचा दरवाजा वेल्डिंग करताना ज्या लोखंडी साच्यात घट्ट धरून ठेवतात, ते फिक्श्चर. ते केसभर चुकलं तर हजारो दरवाजे चुकतात. कंपनीनं ती लाइन दुसऱ्या राज्यात हलवली तेव्हा त्यानं ही शेड टाकली. बायको मिनल पिंपरीच्या एका दवाखान्यात डायलिसिस टेक्निशियन आहे. तिचा पगार चालू होता म्हणून सुरुवातीची दोन वर्षं निभली.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, त्याच्याकडं तेजस्विनी बोराटे आली. मोशीच्या जुन्या शेतकरी घरातली ही मुलगी चाकणला डिझाइन इंजिनिअर आहे. कॉलेजात असताना मालवणला तिनं पाण्याखाली बुडी मारली होती, आणि तिथं जे पाहिलं ते तिच्या डोक्यातून गेलंच नव्हतं. तिला घरात समुद्र हवा होता. खाऱ्या पाण्याची, पाच फुटांची काचेची टाकी, आत मासे आणि मऊ प्रवाळ. प्रवाळ म्हणजे फुलांसारखे दिसणारे, पण जिवंत प्राणी. त्या टाकीखाली लोखंडी स्टँड धम्मरत्ननं करायचं होतं.

त्या आठवड्यात त्याच्याकडं तीन गेटं अडकली होती. स्टँड त्यानं दीड दिवसात उरकलं. कोपरे एका दमात वेल्डिंग केले. लोखंड असं एका बाजूनं तापलं की थंड होताना ओढलं जातं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. शेवटी त्यानं वरच्या चौकटीवर सरळ पट्टी ठेवून पाहिली, तर मागच्या डाव्या कोपऱ्यात पट्टीखालून उजेड दिसला. त्याच्या मनात आलं, वर प्लायवूड येणार, त्यावर फोमची शीट येणार, तेवढं खपून जाईल. त्यानं पट्टी उचलून ठेवली आणि स्टँड टेम्पोत चढवलं.

चार महिने टाकी छान चालली. मग एका दुपारी टाकीचा त्याच बाजूचा कोपरा उकलला. काचेच्या जोडातलं सिलिकॉन फाटलं आणि पाचशे लिटर खारं पाणी दिवाणखान्यात आलं. घरात तेजस्विनीचे वडील एकटेच होते. सोनबा, वय चौऱ्याहत्तर. त्यांनी आधी वीज बंद केली. मग स्वयंपाकघरातून मोठं पातेलं आणून वाहत्या पाण्याखाली धरलं आणि गुडघ्यावर बसून सोफ्याखालचे मासे हातानं वेचले. दोन वाचले. बाकीचे आणि सगळे प्रवाळ गेले.

दुसऱ्या दिवशी टाकीचं काम केलेले सगळे तिथं जमले. काचवाला म्हणाला स्टँड वाकडं, इंटिरिअरवाला म्हणाला काच हलकी, तिसऱ्यानं फरशीकडं बोट दाखवलं. धम्मरत्ननं कुणाशी वाद घातला नाही. त्यानं रिकाम्या स्टँडवर पट्टी ठेवली, फटीत पत्त्यांसारखी पातळ पोलादी पानं घालून माप घेतलं. तीन मिलिमीटर.

"ताई, चूक माझी आहे," तो म्हणाला. "मला त्या दिवशीच दिसलं होतं. मी बोललो नाही."

सोनबा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "दिसलं व्हतं तर बोलायचं व्हतं. आमी काय खाल्लं नसतं तुमाला."

तो शेडवर परत आला आणि दिवसभर त्यानं मशीन लावलं नाही. मी विचारलं तेव्हा त्यानं हे सगळं सांगितलं. वीस वर्षांत कंपनीत त्याच्या हातून असा एकही पीस बाहेर गेला नव्हता, म्हणाला. गेटं करता करता डोळ्याला सवय लागली, चालतंय म्हणायची. मी त्याची समजूत काढायचा प्रयत्न केला, की अरे भावा, त्यांनी पोलीसकेस तर नाही केली. ते त्याला आवडलं नाही.

समजूत मिनलनं काढली, पण वेगळ्या तऱ्हेनं. तिच्या कामात पाण्याची शुद्धता दिवसातून कितीदा तरी तपासावी लागते. तिथं चालतंय म्हणून चालत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही माफी मागून आलात. पण त्यांच्या घरात टाकी कुठाय?"

पुढच्या रविवारी तो मोशीला गेला. नवं स्टँड मी माझ्या खर्चानं करून देतो, एवढंच त्यानं सांगितलं. तेजस्विनीनं त्याला बसवलं आणि लॅपटॉप उघडला. तिला आता पाच फुटांची नको होती. आठ फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच. मोडलं ते मोडलं, आता करायचं तर मनासारखं, असं तिनं ठरवलं होतं. तिचा थोरला भाऊ रोहिदास जमिनीचे व्यवहार बघतो, त्याचा याला साफ विरोध होता. टाकी करायची तर पुण्यातल्या मोठ्या दुकानाकडून करून घे, ज्यानं एकदा बुडवलं त्यालाच परत बोलावतेस, असं तो धम्मरत्नच्या तोंडावर म्हणाला. धम्मरत्नला त्यात चुकीचं काही वाटलं नाही.

निकाल सोनबांनी दिला. "त्या दिशी चौघं आलं व्हतं. तिघांनी दुसऱ्याकडं बोट केलं. ह्यानं सोताकडं केलं. आता हाच डोळ्यात तेल घालून करंल."

काम वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. पाणी, काच, दगड मिळून वजन दोन टनांच्या आसपास जाणार होतं. आणि पुढच्या बाजूला मधोमध पाय चालणार नव्हता. टाकीतलं पाणी ज्या दुसऱ्या टाकीत उतरून गाळलं जातं, ती पाच फुटांची टाकी स्टँडच्या पोटात समोरून सरकवायची होती. म्हणजे पुढच्या बाजूला एवढी लांब मोकळी जागा, आणि त्यावर सगळा भार. तेजस्विनीनं कॉम्प्युटरवर हिशेब मांडून पाइपचं माप काढलं. चार इंच बाय दोन इंच, जाड भिंतीचा पाइप, उभा धरून. तो म्हणाला, तुमचा हिशेब बरोबर असेल, पण मला तो डोळ्यांनी बघायचाय.

या वेळी त्यानं घाई केली नाही. फिक्श्चर बनवताना करायचा तसं त्यानं जाड प्लेटवर सगळी चौकट आवळून धरली. एका कोपऱ्यात बोटभर वेल्डिंग, मग समोरच्या कोपऱ्यात बोटभर, मग थांबायचं. हात लावण्याइतकं थंड झालं की पुढचं. त्या दिवसांत माझा चहा थरथरायचा थांबला होता, इतका तो मधे मधे नुसताच बसून असायचा.

पाचव्या दिवशी चौकट सुटी केली. पट्टी ठेवली. एका टोकाला पुन्हा उजेड. जेमतेम एक मिलिमीटर.

मी तिथंच उभा होतो. आठ फुटांत एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं मी म्हणालो, आणि खरंच मला तसंच वाटत होतं. फोमची शीट तेवढं सहज गिळेल. तेजस्विनीला ते कधी कळलंही नसतं. धम्मरत्ननं पट्टी बाजूला ठेवली. मग त्यानं ग्राइंडर घेतला आणि स्वतः पाच दिवस खपून केलेला जोड कापून टाकला. ठिणग्या उडत होत्या आणि तो चक्क गुणगुणत होता. बऱ्याच दिवसांनी मी त्याला असा पाहिला.

दुसऱ्या वेळेला चौकट अशी बसली की पट्टीखाली कागद सरकेना. त्यानं मला बोलावून कागद माझ्या हातात दिला. मी चारही बाजूंनी घालून पाहिला, कुठंच जाईना.

मग त्यानं डोळ्यांनी बघायचं म्हटलं होतं ते केलं. शेजारच्या बांधकामावरून पन्नास पोती सिमेंट उसनी आणली आणि स्टँडवर रचली. पन्नास पोती म्हणजे अडीच टन. समोरचा आडवा पाइप किती वाकतो ते कळावं म्हणून त्याच्याखाली काटा फिरणारं माप लावून ठेवलं. आठ दिवस पोती तशीच. गल्लीतले लेथवाले, प्रेसवाले जेवणाच्या सुट्टीत येऊन काटा बघून जायचे. दुसऱ्या दिवशी काटा जिथं थांबला, तिथंच आठव्या दिवशीही होता. तेजस्विनी कंपनीतून येताना रोज डोकवायची. तिचा हिशेब आणि त्याचा काटा यांत फरक इतका थोडा, की दोघांनाही हसू आलं.

माझं यातलं काम मात्र हुकलं. माझ्या भट्टीत सात फुटांपलीकडं काही मावत नाही. त्यामुळं त्यानं पाइपांची तोंडं बंद करून हातानंच इपॉक्सी रंगाचे तीन थर दिले, म्हणजे खाऱ्या पाण्याचा थेंब आत शिरायला नको.

मोशीला स्टँड बसवायला अख्खी सकाळ गेली. सहा पायांना बोल्ट होते, ते अर्धा अर्धा आटा फिरवत त्यानं स्टँड समतल केलं. काच चढवायला आठ माणसं लागली, त्यात रोहिदासही होता. सगळ्यात जड बाजू त्यानंच धरली. पाणी एकदम भरलं नाही. पहिल्या दिवशी पाव टाकी, माप. दुसऱ्या दिवशी निम्मी, माप. तिसऱ्या दिवशी काठोकाठ. मग पाण्यात मीठ विरघळलं, पंप चालू झाले आणि लाटेसारखा एक हलका आवाज घरात सुरू झाला.

समुद्रातला खडक किंवा प्रवाळ उचलून आणायला बंदी आहे. म्हणून तेजस्विनीनं सिमेंट आणि शिंपल्यांच्या भुग्यापासून स्वतःच दगड घडवले होते. पहिले दोन महिने त्या दगडांवर नुसती तपकिरी बुरशीसारखी घाण चढत गेली. एवढा खटाटोप करून घरात डबकं आणलं, असं सोनबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. तेजस्विनी म्हणायची, थांबा आबा, पाणी पिकतंय. मग एका आठवड्यात घाण विरळ होत गेली, आणि दगडांवर जांभळे ठिपके उमटले. आधीच्या टाकीतले वाचलेले दोन नारिंगी मासे इतके दिवस टबात होते, ते आत सोडले. चिंचवडच्या एका हौशी माणसानं आपल्या टाकीत वाढवलेल्या मऊ प्रवाळांचे बोटाएवढे तुकडे दिले.

या सगळ्या काळात धम्मरत्न दर रविवारी माप घ्यायला जायचा. पट्टी, पोलादी पानं, वही. टाकीकडं तो बघायचाच नाही, वाकून नुसता पाइपाकडं बघायचा. चौथ्या महिन्यात सोनबांनी त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली.

"आता बास," ते म्हणाले. "ते हालत न्हाई. तुमीबी जरा हितं बसा आन् वर बघा."

तो बसला. नुकताच दिवा लागला होता आणि प्रवाळ उघडत होते. हिरवट, पिवळसर, नाण्याएवढी तोंडं एकेक करून पसरत होती. पाण्याच्या झुळकीबरोबर सगळी एका बाजूला झुकायची आणि परत सरळ व्हायची. त्यांतल्या एका झुपक्यात दोन्ही मासे अंग घुसळत होते. तो मला नंतर म्हणाला, की इतक्या महिन्यांत माझ्या लक्षातच नव्हतं आलं, मी कशासाठी लोखंड सरळ करतोय ते. किती वेळ बसलो ते कळलं नाही. सोनबांनी चहा मागवला, तो गार झाला, दुसरा मागवला.

पुढं त्याच्या शेडचं काम हळूहळू बदललं. गेटं तो अजूनही करतो. पण तेजस्विनीच्या ओळखीतून टाक्यांच्या स्टँडची कामं येऊ लागली. प्राधिकरण वसाहतीतला एक दाताचा डॉक्टर, वाकडचं एक जोडपं. प्रत्येकाला तो सांगतो, की घाई असेल तर दुसरीकडं जा. कुणी गेलं तर त्याला वाईट वाटत नाही. बहुतेक जण थांबतात.

गेल्या महिन्यात तेजस्विनीनं देहूरोडच्या एका शाळेशी बोलून ठेवलं. तिच्या टाकीतले प्रवाळ आता इतके वाढलेत की छाटावे लागतात. ते तुकडे शाळेच्या प्रयोगशाळेत एका छोट्या टाकीत लावायचे, असं तिच्या मनात आहे. काच ती देणार, स्टँड धम्मरत्न. परवा शनिवारी तो जागा बघायला गेला, मलाही सोबत घेतलं. विज्ञानाच्या बाई, कस्तुरा मॅडम, खिडकीजवळची जागा दाखवत होत्या. तिथं ऊन येईल, मग शेवाळ धरेल, असं धम्मरत्न त्यांना समजावून सांगत होता, जन्मभर समुद्राकाठी राहिल्यासारखा. सातवीचा वर्ग दारात गर्दी करून उभा होता. एका मुलीनं विचारलं, प्रवाळ हे झाड आहे की प्राणी. बाई उत्तर देणार इतक्यात धम्मरत्नच म्हणाला, प्राणी आहे बाळा, आणि भूक लागली की तोंड उघडतो. मग त्यानं भिंतीपासून अंतर मोजायला मला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं.